वालाचे तीस दाणे आणि पत्त्यांची तीन पुस्तकं

चांगुणाचं बी मी पत्त्यांत हरलो आहे, हे मला गुरुवारी, १३ मे १९८२ रोजी, संध्याकाळी साडेसहाला कळलं. हरलो त्याला पंधरा दिवस होऊन गेले होते. पण काय हरलो, ते त्या दिवशी कळलं.

कचेरीतून आलो तर दाराच्या फटीत पोस्टकार्ड. झुंबरबाईचं. झुंबरबाई म्हणजे माझ्या बायकोची, चांगुणाची, धाकटी बहीण. पेठच्या पलीकडे एका गावात असते. तिला लिहिता येत नाही. ती शाळेच्या मास्तरांकडून लिहून घेते आणि मास्तर प्रत्येक पत्राला अर्जाचं वळण देतात.

“सप्रेम जयभीम. विनंती विशेष की, ताईने राखेत ठेवलेले वालाचे बी आपणाकडे असेलच. आमचे बी यंदा किडीने खाल्ले. आईच्या हातचे बी आता तेवढेच उरले आहे. तरी मिरगाच्या आधी, सोमवारी सात जूनला, मी न्यायला येते. बी उन्हात ठेवू नये. पाणी लागू देऊ नये. कळावे.”

मी ते एकदा उभ्यानं वाचलं आणि एकदा बसून वाचलं. उन्हात ठेवलं होतं. पाणीही लावलं होतं. दोन्ही कामं मी फार मन लावून केली होती.

झालं होतं असं. चांगुणा जानेवारीत गेली. त्याबद्दल इथं लिहीत नाही, मला ते जमत नाही. त्यानंतर कचेरी ते घर आणि घर ते कचेरी एवढंच माझं चाललं होतं. एप्रिलमधल्या एका रविवारी समोरच्या ओळीतले कोंडाजी आले आणि दारातूनच म्हणाले, “जयराम, ऊठ. चौथा माणूस पाहिजे.”

कोंडाजींनी देवळाली कॅम्पात लष्करी मेसमध्ये तीस वर्षं नोकरी केली. साहेब लोकांच्या पाठीमागे ट्रे घेऊन उभं राहून ते पोकर शिकले, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी तो आमच्या वसाहतीत आणला. सगळ्यांना पाच-पाच पत्ते. नको असलेले एकदा बदलून घ्यायचे. मग बोली लावत जायचं. ज्याचे पत्ते भारी तो जिंकला, किंवा ज्यानं बाकीच्यांना घाबरवून पत्ते टाकायला लावले तो जिंकला. आमच्या वसाहतीत पैशानं खेळायला सक्त मनाई आहे. महिला मंडळाच्या शकुबाई माझ्या भिंतीला भिंत लावून राहतात, आणि त्यांच्या कानावर नाण्याचा आवाज गेला तर डाव मोडून पत्ते शेगडीत जातील. म्हणून दाण्यांवर खेळायचं. आणि प्रत्येकानं आपापल्या घरून वेगळी जिन्नस आणायची, म्हणजे कोणी कोणाचं किती खाल्लं ते समोर दिसतं. कारभारी गुरुजी चिंचोके आणत. देवराम टेलर बटणं. कोंडाजी मक्याचे दाणे.

मी स्वयंपाकघरात शोधलं. फळीच्या मागे पावडरचा एक जुना डबा होता. आत राख, आणि राखेत वालाचे दाणे. तांबूस, काळ्या ठिपक्यांचे, डोळ्यापाशी पांढरी रेघ. मोजले तर बरोबर तीस. मला वाटलं, चुलीजवळ डबा उघडा राहिला असेल आणि राख पडली असेल. आमच्याकडे गेली सहा वर्षं स्टोव्ह आहे, चूल नाही, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. मी दाणे तीन पाण्यांनी धुतले, ओट्यावर फडकं पसरून कडक उन्हात वाळवले. राख मोरीत ओतली. दोन रविवारांत तीसच्या तीस दाणे कोंडाजींच्या तपकिरीच्या डबीत गेले.

पोस्टकार्ड खिशात घालून मी तसाच कोंडाजींकडे गेलो. ते ओट्यावर बसून नखं कापत होते.

“कोंडाजी, ते माझे दाणे,” मी म्हणालो, “मला परत पाहिजेत. बदल्यात दुसरे आणून देतो.”

“का?”

“आहे एक काम.”

आता इथं मी सरळ सांगायला पाहिजे होतं. पण देवराम टेलर तिथंच खांबाला टेकून विडी ओढत होता. बायकोनं जपून ठेवलेलं बी मी धुऊन, वाळवून, दोन जोड्यांवर हरलो, हे देवरामच्या देखत सांगायचं म्हणजे उद्या सकाळी नळावर सांगितल्यासारखं होतं.

कोंडाजींनी नख फुंकरलं. “पत्त्यांत गेलेलं मागून मिळत नाय, जयराम. मेसचा कायदा हाय. एका कर्नलचं घड्याळ गेलं व्हतं. लग्नात सासऱ्यानं दिलेलं. त्यानंसुद्धा मागितलं नाय. खेळला आणि घेतलं.”

“किती दिवसांनी?”

“त्याची बदली झाली मधी. पण खेळला असता तर घेतलं असतं.”

“जयरामभाऊ, तुमचा खेळच कच्चा आहे,” देवराम म्हणाला. “हातात चांगलं पान आलं की तुम्ही मांडी बदलता.”

घरी येऊन कॅलेंडर पाहिलं. सात जूनच्या आत चार रविवार होते. खेळ सुधारल्याशिवाय बी मिळत नव्हतं, आणि मला कोणतीही गोष्ट सुधारायची तर एकच मार्ग माहीत आहे. नियमांचं पुस्तक मिळवायचं. बावीस वर्षं कारकुनी केली, ती तशीच केली.

गावातल्या वाचनालयाचा मी सभासद नव्हतो. शुक्रवारी अर्धी रजा टाकून गेलो. ग्रंथपालांनी छापील अर्ज दिला. त्यात ‘वाचनाचा उद्देश’ असा एक रकाना होता आणि खाली जुन्या सभासदाची शिफारस हवी होती. आमच्या वसाहतीत असे सभासद एकच, कारभारी गुरुजी. ते गणित शिकवत. अजूनही बोलताना समोरच्याच्या कानाकडे हात जातो.

“पुस्तक कशाचं?” गुरुजींनी चष्मा लावत विचारलं.

“गणिताचं,” मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. पत्त्यांत गणित असतंच.

गुरुजींनी सही केली, चष्मा काढला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. “समजलो. विभागीय परीक्षा. उशिरा का होईना. चांगुणाबाईची फार इच्छा होती तू हेडक्लार्क व्हावास.”

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण मग गणित कशाला, ते सांगावं लागलं असतं. मी तोंड मिटलं. हे तोंड मिटणं मला पुढे फार महागात पडलं.

वाचनालयात खेळांचं कपाट कुलूपबंद होतं. किल्ली चिटणीसांकडे आणि चिटणीस नांदगावला लग्नाला. कपाटाच्या काचेतून तीन पुस्तकांच्या पाठी दिसत होत्या. तिन्ही इंग्रजी, तिन्ही पोकरची. देवळालीहून विलायतेला जाताना कोणीतरी साहेब ती देऊन गेला होता आणि तेव्हापासून कोणी मागितली नव्हती.

“शनिवारी या,” ग्रंथपाल म्हणाले. “एका वेळी एकच मिळेल. आठवड्यातून एकदा बदलून देऊ.”

म्हणजे चार रविवारांसाठी तीन पुस्तकं आणि एका वेळी एक. कोणतं आधी? पहिलं चुकीचं घेतलं तर एक रविवार फुकट जाणार. शुक्रवारची रात्र मी डोळा न लागता काढली. शनिवारी कपाट उघडल्यावर मी टेबलावर तिन्ही ठेवली आणि कचेरीत तीन दरपत्रकांचा करतो तसा तुलनात्मक तक्ता केला. पानं किती, अक्षर केवढं, एका पानात न समजणारे शब्द किती, चित्रं आहेत का. पहिलं पुस्तक आकडेमोडीचं होतं. दुसरं चेहरे ओळखण्याचं आणि स्वतःचा चेहरा लपवण्याचं. तिसरं लबाड्यांचं, म्हणजे समोरचा फसवत असेल तर कसं ओळखावं. माझं इंग्रजी टिप्पणी लिहिण्यापुरतं. त्यामुळे ज्यात शब्द कमी आणि आकडे जास्त, ते आकडेमोडीचं पुस्तक पहिलं आलं. निर्णय तक्त्यानं झाला, माझ्या मनानं नाही. त्यामुळे जरा शांत वाटलं. ती शांती बसस्टॉपपर्यंत टिकली. बसमध्ये पुस्तक उघडलं तर पहिलंच वाक्य असं होतं, की ज्याला हरलेलं परत मिळवायचं आहे, त्यानं खेळू नये.

रविवारी मी कागद-पेन्सिल घेऊनच ओट्यावर गेलो. आता प्रश्न होता डावावर लावायचं काय. माझे दाणे तर कोंडाजींकडे. मी कचेरीतल्या टाचण्या नेल्या होत्या. गुरुजी म्हणाले, सरकारी मालमत्ता डावावर लावणं हा गुन्हा आहे, ते साक्षीदार होणार नाहीत. मग घरून शेंगदाणे आणले. ते गुरुजींनी खाल्ले. मुद्दाम नाही. विचार करताना त्यांचा हात ताटाकडे जातो. तिसऱ्या डावापर्यंत माझं निम्मं भांडवल त्यांच्या पोटात गेलं. शेवटी आगपेटीच्या काड्या ठरल्या.

पुस्तकात म्हटलं होतं की हातात दोन जोड्या असतील तर एक पत्ता बदलून फुल हाऊस, म्हणजे तीन पत्ते एकसारखे आणि दोन एकसारखे, होण्याची शक्यता सुमारे बारात एक. मी मांडणी करून पाहिली, बरोबर आली. पण मांडणीला अकरा मिनिटं लागली.

“अरे, पत्ते खेळतोस की घराचा नकाशा पास करतोस?” कोंडाजी म्हणाले.

“करू दे त्याला,” गुरुजी म्हणाले. “परीक्षेची सवय होतेय.”

“कसली परीक्षा?” देवरामनं विचारलं.

गुरुजींनी सांगितलं. देवरामला सांगितलं म्हणजे काय झालं, ते वर लिहिलंच आहे.

त्या दिवशी माझ्या एकवीस काड्या गेल्या. वालाचे दाणे कोंडाजींनी समोर एका ओळीत मांडून ठेवले होते. मेसच्या रिवाजाप्रमाणे जिंकलेलं समोर दिसलं पाहिजे. मी त्या ओळीकडे इतका बघत होतो की एकदा माझी पाळी दोनदा पुकारावी लागली. उकाडा होता आणि कोंडाजींची बोटं त्या दाण्यांवर फिरत होती. घामानं बी मरतं का? हे कोणत्याच पुस्तकात नव्हतं.

सोमवारी हेडक्लार्कनी बोलावलं. “विभागीय परीक्षेला बसताय असं कळलं. परवानगी घेतलीत?”

“बसत नाही, साहेब.”

“मग वसाहतीत सगळे कसे म्हणतात? आमच्या घरी देवराम टेलरच शिवतो.” त्यांनी माझ्यापुढे फॉर्म सरकवला. “आता नाही म्हणालात तर मीच कोणाला तरी अडवलं असं वरती दिसेल. भरा.”

मी भरला. तीन प्रतींत. अशा रीतीनं पोकरचं एक पुस्तक वाचल्याबद्दल मी सप्टेंबरच्या परीक्षेचा उमेदवार झालो.

त्याच संध्याकाळी पुस्तक बदलून आणलं. दुसरं चेहऱ्याचं. त्याचं म्हणणं असं की खेळाडूचा चेहरा भिंतीसारखा असावा. मला हे सोपं जाईल असं वाटलं. जानेवारीत सगळी वसाहत म्हणत होती, जयरामचा चेहरा बघा, दगडासारखा, एक थेंब पाणी नाही डोळ्यांत. म्हणजे भांडवल होतं. फक्त ते पत्त्यांच्या वेळी उपलब्ध होत नव्हतं. पुस्तकात लिहिलं होतं, आरशासमोर सराव करा. आमचा आरसा चांगुणाच्या उंचीला लावलेला आहे. मला त्यात बघायचं तर गुडघे वाकवून उभं राहावं लागतं. खिळा बदलायचा विचार मी केला नाही. तर मी रोज सकाळी गुडघे वाकवून, हातात पाच पत्ते धरून, राजा आला तरी भिंत आणि दुर्री आली तरी भिंत, असा सराव करू लागलो.

शुक्रवारी वर बघितलं तर खिडकीत शकुबाई उभ्या होत्या.

“भाऊ,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “काय करताय?”

मी पत्ते पाठीमागे घेतले. “व्यायाम.”

“तोंडाचा?”

दुपारी त्यांनी ब्राह्मीचं तेल पाठवलं आणि संध्याकाळी स्वतः भाकरी-पिठलं घेऊन आल्या. “परीक्षा होईल हो. नाही झाली तरी काय बिघडतं? डोक्यावर ताण घेऊ नका. चांगुणा असती तर तिनं पुस्तक हिसकून घेतलं असतं.” पुस्तक तेव्हा माझ्या मांडीखाली होतं. त्याच्या वेष्टनावर इस्पिकची राणी होती. शकुबाई तासभर बसल्या आणि मी तासभर राणीवर बसून राहिलो.

रविवारी भिंतीसारखा चेहरा करून बसलो. पहिल्याच डावात कोंडाजींनी विचारलं, “पोटात दुखतंय का?” देवरामला मात्र भीती वाटली, पत्त्यांची नाही, माझ्या प्रकृतीची. त्यानं पत्ते टाकले आणि त्याची सहा बटणं मला मिळाली. दोन आठवड्यांची माझी कमाई ती सहा बटणं. वालाचे दाणे जिथल्या तिथं.

जिथल्या तिथं, हेच मला खटकलं. मी नीट आठवून पाहिलं. कोंडाजी बोली लावताना मक्याचे दाणे सरकवत, गुरुजींचे चिंचोके सरकवत, माझ्या काड्याही सरकवत. वालाचा एकही दाणा त्यांनी आजवर डावावर लावला नव्हता. मग मी जिंकणार तरी कसा? माणूस जे डावावर लावतच नाही, ते कोणत्या पुस्तकानं जिंकता येतं?

तिसरं पुस्तक मी शनिवारी अक्षरशः धावत जाऊन आणलं. त्यात पत्त्यांवर खुणा करण्याचं एक अख्खं प्रकरण होतं. मेण, शाई, नखाचे ओरखडे. आणि चौथ्या परिच्छेदात राख. बोटाला किंचित राख लावून पत्त्याच्या पाठीवर पुसट डाग करायचा. फसवणाऱ्याला दिसतो, इतरांना दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे तीस मेला, मी पत्ते बघितलेच नाहीत. कोंडाजींची बोटं बघितली. पेरांच्या रेघांत करडी राख होती. त्यांनी वाटलेल्या पत्त्यांवर करडे ठसे होते. एकदा नाही, सहा वेळा. मी आगपेटीच्या पाठीवर नोंद केली. वेळ, पत्ता, डाग कोणत्या कोपऱ्यात. कोंडाजी विडी ओढत नाहीत. मग राख आली कुठून?

तो आठवडा वाईट गेला. कोंडाजींना मी पंधरा वर्षं ओळखतो. चांगुणाला दवाखान्यात नेलं तेव्हा रिक्षा त्यांनी आणली होती. पण पुस्तक छापील होतं आणि डाग माझ्या डोळ्यांनी बघितले होते. झुंबरबाई सोमवारी येणार. तिला सांगायचं काय? बी पत्त्यांत गेलं हे सांगायचं, की बी चोरीला गेलं हे सांगायचं? दुसरं सांगणं मला सोपं वाटायला लागलं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसं वाटत होतं.

शनिवारी मी निवेदन तयार केलं. फुलस्केपवर, समास सोडून. रविवारी, सहा जूनला, पत्ते वाटायच्या आधी मी उभा राहिलो आणि वाचायला लागलो.

“विषय, रविवारच्या डावात पत्त्यांवर खुणा केल्याबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून नमूद करण्यात येते की, दिनांक तीस मे रोजी कोंडाजी यांनी वाटलेल्या पत्त्यांवर एकूण सहा ठिकाणी राखेचे डाग आढळून आले. सदर डाग हेतुपुरस्सर...”

“थांब,” कोंडाजी म्हणाले.

मी थांबलो. गुरुजींच्या हातातला चिंचोका तोंडाजवळ राहिला. देवरामनं विडी विझवली. ती त्यानं पूर्ण ओढल्याशिवाय विझवलेली मी आजवर पाहिली नव्हती.

कोंडाजींनी आपली बोटं वर करून बघितली, मग आतल्या दाराकडे बघून हाक मारली. “सुले! डबा आण गं. सायेब चौकशीला आले हायत.”

त्यांची बायको सुलाबाई बाहेर आली. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. तिनं तो माझ्यासमोर ठेवला आणि झाकण काढलं. आत राख होती. भुशाच्या शेगडीची, चाळलेली, मऊ राख.

“भाऊजी,” सुलाबाई म्हणाली, “तुम्ही बी धुतलं कशाला? पहिल्या दिवशी ह्यांनी डबीत आणलं तेव्हा मी हातात घेतलं, तर स्वच्छ. मी म्हटलं, अगं बाई, चांगुणाचा वाल! पाच वर्षं पावशेर-पावशेर शेंगा तिनं घरी आणून दिल्या. मी ओळखणार नाही? सावलीत वाळवलं, राखेत घातलं. दर रविवारी हे राखेतून वेचून बाहेर नेतात आणि रात्री मी परत घालते. एक दाणा ओल्या फडक्यात बांधून बघितला. मोड आला. काळजी करू नका.”

मी बसलो. बसायचं ठरवलं नव्हतं.

“माहीत होतं तर द्यायचे ना,” मी म्हणालो. “मागायला आलो होतो ना मी.”

“काय मागितलंस?” कोंडाजी म्हणाले. “‘आहे एक काम.’ हे मागणं झालं? बायकोचं बी हाय, चुकलं माझं, एवढं म्हणायला तुझी जीभ झिजत व्हती?”

“देवराम होता.”

“मी काय वाघ आहे?” देवराम म्हणाला.

“आन् दिले असते,” कोंडाजी म्हणाले, “तर पुढच्या रविवारी आला असतास? तीन महिने दार लावून बसला व्हतास. समोर दाणे दिसत व्हते म्हणून येत व्हतास. मला चौथा माणूस पाहिजे. आन् खरं सांगू? तुझ्यासारखा हरणारा माणूस मला तीस वर्षांत मेसमधी भेटला नाय.”

गुरुजी घसा खाकरून म्हणाले, “म्हणजे ते गणित...”

“पोकरचं होतं, गुरुजी.”

“आणि परीक्षा?”

“फॉर्म भरलाय. तीन प्रतींत.”

गुरुजींचा हात माझ्या कानाकडे आला. मग तो त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवला.

मी निवेदनाची घडी घातली. माफी मागायला पाहिजे होती, पण माफीची घरगुती भाषा मला येत नाही. मी म्हणालो, “सदरचं निवेदन मी मागे घेतो.”

“लेखी दे,” कोंडाजी म्हणाले.

सुलाबाईनं डबा माझ्याकडे सरकवला. कोंडाजींनी मध्येच हात घातला, राखेतून पाच दाणे वेचले आणि आपल्या डबीत टाकले.

“अहो!” सुलाबाई म्हणाली.

“हे पाच माझे. जिंकलेले हायत. पाहिजे असले तर रविवारी ये आन् खेळून ने. आता हे लावीन मी डावावर.” आणि पत्ते पिसायला लागले.

तो डाव मी हरलो.

सोमवारी अकराच्या एसटीनं झुंबरबाई आली. डोक्यावर नागलीची पिशवी, तोंडाला पदर. चहा घेण्याआधी तिनं डबा मागितला. राखेत हात घालून दाणा काढला, उजेडाकडे धरला, नखानं दाबला, मग जिभेला लावला. मी भिंतीसारखा चेहरा केला. गुडघे आपोआप वाकले.

“दाजी,” ती म्हणाली, “बी धुतलं व्हतं का?”

“नाही.”

तिनं माझ्याकडे बघितलं. पुस्तकात लिहिलं होतं, समोरचा बघत असताना श्वास रोखू नये. मी रोखला होता.

“किती पान्यानं?”

“तीन.”

“उन्हातबी ठेवलं असंल.”

“ओट्यावर.”

तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते आहे. बघितलं तर हसत होती, आणि मग मात्र रडत होती. “ताई म्हनायचीच,” ती म्हणाली, “ह्यांना काय बी द्या, आधी धुऊन घेत्यात.” मग दाणे मोजून म्हणाली, “तीस व्हते ना? बाकीचे कुटं गेले?”

मी सांगितलं. सगळं सांगितलं, कोणी ऐकायला नव्हतं तरी हळू आवाजात. ती म्हणाली, “लय चांगला मानूस हाय तो. ऱ्हाऊ द्या त्याच्याकडं.” मग सुलाबाईचा मोड आलेला एक दाणा धरून हिशेब केला. अठरा तिनं पदराच्या गाठीत बांधले आणि सहा मला ठेवले. मागच्या भिंतीलगत तिनं माझ्याकडून सहा खड्डे करून घेतले, बोटाच्या दोन पेरांएवढे. दाण्याचा डोळा खाली. जाताना म्हणाली, “पानी जास्त घालू नका. तुमचा हात पान्याचा हाय.”

आज ऑगस्टची आठ तारीख. सहापैकी चार उगवले. तिसरं पुस्तक वाचनालयात परत दिलं, उशीर का झाला त्याचं कारण लेखी देऊन. परीक्षेचा अभ्यास गुरुजी रोज घेतात. कोंडाजींच्या डबीतले पाचातले दोन दाणे मी परत मिळवले आणि मागच्या रविवारी पुन्हा हरलो.

वेल कंबरेएवढे आले आहेत. वाऱ्यानं एकमेकांवर पडतात. त्यांना मांडव पाहिजे. चांगुणा दर वर्षी घालायची, बांबूच्या चार काठ्या आणि सुतळी. मी स्टूल धरून उभा असायचो आणि दुसऱ्या हातात पेपर असायचा. वर बघितलं नाही कधी. ती सुतळी कशी फिरवायची, गाठ कुठं मारायची, मला माहीत नाही. सुलाबाई म्हणाली, हाक मारा, दाखवते. गुरुजी म्हणाले, वाचनालयात परसबागेवर पुस्तक आहे.

बांबू आणून भिंतीला टेकवून ठेवले आहेत. मांडव अजून घातलेला नाही.